उंबऱ्यावर ठेवलेली खूण

मी महाडहून बोलतोय, एका शोकेसच्या खालच्या फळीवरून. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकी आयुष्यभर माझा गोंधळच झाला, आणि गंमत म्हणजे कुठं काय आहे ते सांगणं हाच माझा धंदा! पिवळ्या छातीचं, मुठीत मावणारं, दोन सेलवर चालणारं जीपीएस यंत्र आहे मी. आकाशातल्या उपग्रहांना विचारायचं आणि जमिनीवरची जागा सांगायची. उपग्रह कधी माझ्याशी खोटं बोलले नाहीत. माणसं मात्र मला अजून उमगलेली नाहीत.

कुवेतच्या एका दुकानातून मुजम्मिलनं मला घेतलं. तो मूळचा महाडचा. तिकडे मालाची गाडी चालवायचा. तिथं मी सुखात होतो. सरळ रस्ते, प्रत्येक चौकाला नंबर, आणि माझ्या पोटात साऱ्या शहराचा नकाशा. बाण दाखवायचा, मुजम्मिलनं वळायचं. भांडण नाही, तंटा नाही.

मग त्याच्या बहिणीचं, मेहविशचं लग्न महाडला ठरलं. मुजम्मिल, मेहविश आणि त्यांचे अब्बा जलीलचाचा बऱ्याच वर्षांनी कुवेतहून घरी आले. दोन हजार सालानंतरचीच गोष्ट. भातं कापून झाली होती आणि थंडी पडायला लागली होती. मुजम्मिलनं मोठ्या ऐटीनं मला अंगणात सुरू केलं, आणि माझी पार बोबडी वळली. पडद्यावर काहीच नाही! महाड नाही, पोलादपूर नाही, सावित्री नदीसुद्धा नाही. नुसती एक जाड रेघ, तो म्हणे हायवे. मला वाटलं, चुकून समुद्रात आणून सोडलं की काय.

"एवढे पैसे मोडलेस, आन ह्याला दासगाव पण म्हाईत नाय?" जलीलचाचा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या मदतीला धावला नौमान, मुजम्मिलचा चुलतभाऊ. त्याचा गावात कॉम्प्युटरचा क्लास होता. तो म्हणाला, "नकाशा कोरा असला म्हणून काय झालं? आपली ठिकाणं आपणच टाकायची. कॉम्प्युटरवर उपग्रहानं काढलेलं चित्र दिसतं, त्यावर खूण करायची, नाव द्यायचं आणि वायरीनं ह्याच्यात सोडायचं."

लग्नाची बोलावणी घरोघर जाऊन द्यायची होती, म्हणून सगळे क्लासवर जमले. आणि काय ती ठिकाणं! जलीलचाचांनी उभा जन्म ट्रक चालवलेला. ते सांगायचे, "कशेडीच्या घाटात माझा ट्रक तापायचा ते वळण टाक." "पांडूचं हॉटेल टाक." "पांडू तर कधीच गेला, चाचा," नौमान म्हणायचा. "म्हणून काय झालं? हॉटेल त्याचंच ना?" मी आपला मुकाट्यानं गिळत होतो. मेलेल्या माणसाचं हॉटेल जिवंत कसं, हे विचारणार कुणाला?

शेवटी मेहविश पुढे सरकली. तिला एकच ठिकाण टाकायचं होतं: हेदवाडी. पोलादपूरच्या पुढे, घाट लागायच्या आधी डाव्या हाताला डोंगरात असलेली वाडी.

ती जन्मली तेव्हा तिची अम्मी सलमा काविळीनं अंथरुणाला खिळली होती. जलीलचाचा तेव्हा हेदवाडीतून गवताचे भारे वाहायचे. तिथल्या बनुबाईची कूस नुकतीच उजवली होती. तिनं आपल्या राजेशबरोबर या पोरीलाही अंगावर पाजलं, सलमा उठून बसेपर्यंत. मुसलमानांत दूध पाजणारीला आईच मानतात आणि तिची मुलं सख्खी भावंडं. मेहविशच्या लहानपणच्या साऱ्या सुट्ट्या हेदवाडीत, बनुबाईची 'मेवी' म्हणून गेलेल्या. तिनं बजावलं होतं, "आई आल्याशिवाय मी निकाहला बसणार नाय."

चित्र धुरकट होतं, पण तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे खळं. हा फणस. आन त्याच्या मागं आईचं घर. हा उंबरा." आणि तिनं खूण थेट तिथंच केली.

"अगं वेडे, खूण रस्त्यावर करायची, जिथं गाडी थांबते तिथं! कुणाच्या घरात करतात का?" नौमान कपाळाला हात लावून म्हणाला.

"मला घरी बोलावणं धाडायचंय, रस्त्याला नाय," ती म्हणाली. नाव विचारल्यावर तिनं 'हेदवाडी' लिहिलंच नाही. लिहिलं, 'आई'.

दुसऱ्या दिवशी तिला हळद लागली. आता नवरीनं बाहेर पडायचं नाही, म्हणून जीपमध्ये मुजम्मिल, जलीलचाचा आणि मी. पोलादपूर सोडलं आणि माझी फजिती सुरू झाली. माझा बाण डोंगराकडे, रस्ता भलतीकडेच. जीप पुढं जाई तसं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं!

"ह्याला वाटतंय तुला पंख फुटलेत," चाचा म्हणाले. "ठेव खिशात. मी सांगतो वाट."

वाटेत एका गड्याला विचारलं. मुजम्मिलनं मला अजून हातातच धरलं होतं; मला पाहून त्या गड्याचा चेहराच बदलला. "मोजणीवाले काय? हिकडं कोन ऱ्हात नाय. जा माघारी." जमीन मोजून घेणाऱ्यांतला मी वाटलो त्याला! मी तर साधं बोलावणं घेऊन निघालो होतो.

जीप संपली तिथून पायवाट. चढ चढून वर आलो आणि मी आनंदानं पिप्‌ पिप्‌ केलं. पोचलात!

कुठं पोचलात? समोर नुसता लाल मातीचा उतार होता. मोठमोठे दगड, मधे वाढलेलं गवत, फुटक्या कौलांचे तुकडे. खळं नाही, फणस नाही, घर नाही. मी पुन्हा पुन्हा उपग्रहांना विचारलं. ते म्हणाले, हीच जागा. मग घर कुठं गेलं?

जलीलचाचांनी कौलाचा एक तुकडा उचलला. "दरड आली रे, मुज्जू. गेली माझी बहीण. आता पोरीला काय सांगू?" मुजम्मिलनं मला बंद केलं. मला वाटलं, काहीतरी फार वाईट माझ्या हातून झालं.

पुन्हा जागा झालो तो माणसांच्या गलक्यात. गवत कापणारी ठमाबाई त्यांना वाटेत भेटली होती आणि तिनं हाताला धरून खाली आणलं होतं. "हेदवाडीला काय धाड भरलीय? ही काय हेदवाडी!" ती म्हणत होती. हायवेजवळच्या माळावर पत्र्याच्या शेडची एक रांग होती. मागल्या साली भर पावसात दरड आली तेव्हा माणसं लावणीला खालच्या शेतात होती, म्हणून वाचली. घरं गेली, गुरं गेली, देव्हाऱ्यातले देव गेले. मग माणसांनी खाली येताना वाडीचं नाव बरोबर आणलं. म्हणूनच निघण्याआधी महाडात विचारलं तेव्हा जो तो सांगत होता, हेदवाडी आहे की! माझ्या तर डोक्याचं भजं झालं. म्हणजे ठिकाण जमिनीला चिकटलेलं नसतं? ते माणसांबरोबर चालतं?

बनुबाई शेडच्या दारात उभी होती, सुकलेली, पण खणखणीत आवाजाची. "जलीलभाव!" म्हणून तिनं हंबरडाच फोडला. रडून झालं, चहा झाला, मुजम्मिलनं बोलावणं पुढं केलं, तर तिनं ते हातात घेतलंच नाही.

"मी कशी येऊ रे? लेकीचं लगीन. पयली अक्षत घरच्या देवाला ठेवाया लागते, उंबऱ्यापाशी. तेला न बोलवता मी मांडवात कशी उभी राहू? आन देव तर वर मातीत हाय. मी दोनदा जाऊन आले. उंबरा कुठं व्हता, तेच कळंना."

मुजम्मिल माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "आई, उंबरा ह्याला म्हाईत हाय."

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. मेहविशनं ज्यावर बोट ठेवलं ते चित्र दरडीच्या आधीचं होतं. आणि त्या वेड्या पोरीनं खूण रस्त्यावर ठेवली नव्हती!

आम्ही पुन्हा वर गेलो. बनुबाई पुढं, पदराखाली तांदूळ आणि कुंकू. मी घाबरलेलो. अंतर कमी कमी होत गेलं आणि माझा बाण गोल फिरायला लागला. पोचलं की तो असाच भिरभिरतो, कारण दाखवायला दिशाच उरत नाही.

मुजम्मिल प्रामाणिकपणे म्हणाला, "आई, हा थोडा चुकतो. धा पावलं हिकडं, न्हायतर धा पावलं तिकडं."

बनुबाई ओल्या डोळ्यांनी हसली. "चालंल रे लेकरा. धा पावलांचंच तर माजं घर व्हतं."

तिनं मातीला हात लावला, खुणेला एक दगड मांडला, त्यावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "चला देवा. मेवीचं लगीन हाय."

शुक्रवारी ती मांडवात मेहविशच्या शेजारी बसली होती. मला कुणीतरी हौसेनं फुलांच्या ताटात ठेवलं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मोबाईल आले आणि मी शोकेसमध्ये गेलो. माझ्या पडद्यावर काळी रेघ पडलीय, सेलचं झाकण हरवलंय. बनुबाईनं तिथं ठेवलेला दगड पुढच्याच पावसात वाहून गेला. तरी राजेशच्या घरात कार्य निघालं की तो येतो, झाकणाच्या जागी रबर लावतो आणि अक्षत ठेवायला मला वर घेऊन जातो.

हेदवाडी नक्की कुठं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. मोबाईल म्हणतो खाली, मी म्हणतो वर. पण परवा घरात आवराआवर चालली होती आणि कुणीतरी मला भंगाराच्या पिशवीत टाकायला निघालं होतं. बाबांनो, टाकायचं तर टाका. फक्त त्याआधी एकदा दोन सेल घाला आणि 'आई' कुठं आहे ते विचारून घ्या. धा पावलं इकडेतिकडे होतील, पण मी घरातच नेऊन पोचवीन.