नोंदणीची तारीख

"ही बाई दर महिन्याला येते," कारकूनबाईंनी नोंदवहीतल्या एका ओळीवर बोट टेकवले. "माझा नंबर का सरकत नाही म्हणून विचारते. मी सांगते, अगं, कॉम्प्युटर काय आपल्यासारखा विसरभोळा असतो का?"

प्रोग्रामरने वही स्वतःकडे ओढली. सात तासांचा प्रवास करून तो या लहानशा रुग्णालयात आला होता, तो केवळ एक नवे यंत्र जोडून देण्यासाठी. वहीतल्या बाईचा व्यवसाय शिवणकाम होता. मूत्रपिंडासाठी तिने नाव नोंदवल्याला पाच वर्षे होऊन गेली होती. त्याने लिहिलेल्या प्रतीक्षायादीच्या प्रोग्राममध्ये मात्र तिची प्रतीक्षा अडीच वर्षांचीच दिसत होती.

"जुनी तारीख घातली की चौकट लाल व्हायची," कारकूनबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या ऑफिसात फोन केला. एक जण म्हणाले, रिकामी सोडा, चालेल."

तो एक जण म्हणजे तोच. चौकट रिकामी दिसली की नोंद भरली त्या दिवसाची तारीख घ्यावी, ही प्रोग्राममधली ओळही त्याचीच. कागदावरची जुनी नावे संगणकात जेव्हा उतरली, तेव्हाच त्या माणसांनी रांगेत पहिले पाऊल टाकले, असे त्याच्या प्रोग्रामने मानले होते.

परतीच्या गाडीत त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. वह्यांच्या पानांची छायाचित्रे नोंदींना जोडलेली होतीच. आजवर ती कुणी उघडून पाहिली नव्हती, इतकेच. तीन रुग्णालयांत मिळून एकोणीस नोंदी चुकल्या होत्या. त्यांपैकी चार जणांचा रक्तगट दादाचा होता, आणि चौघेही दादाच्या आधीचे होते.

दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, सहा आठवड्यांपासून यादीत पहिला होता. त्या रक्तगटाचे मूत्रपिंड वर्षातून दोनदा मिळाले तरी नशीब म्हणायचे. दादाच्या हृदयाकडे पाहून डॉक्टरांनी अलीकडे 'पुढच्या वर्षी' हे शब्द उच्चारणे सोडून दिले होते.

वाद घालण्यात प्रोग्रामरचे आयुष्य गेले होते. ओळखीने मिळतो तो हक्क नव्हे, या एका वाक्यासाठी त्याने लेख लिहिले होते, मित्र तोडले होते, आणि मंत्र्याच्या चिठ्ठीलाही उघडणार नाही असा प्रोग्राम बांधला होता. आता तीच वादाची सवय त्याच्यावर उलटली. चूक अडीच वर्षे चालली; आणखी काही महिन्यांनी काय बिघडणार आहे? ती शिवणकाम करणारी बाई अजून महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या पायांनी येते. दादाला जिना चढवत नाही. प्रत्येक युक्तिवाद निर्दोष होता. अशा निर्दोष युक्तिवादांवरच त्याने आजवर कोरडे ओढले होते. खिडकीबाहेरची शेते संपून गोदामे लागली, तेव्हा त्याने दुरुस्ती लिहून पाठवून दिली. ओळी अवघ्या अकरा होत्या.

दुसऱ्याने तपासून मान्यता दिल्याखेरीज एकही ओळ आत जाऊ नये, हा नियमही त्याचाच. तपासणारी त्याच्याच हाताखाली शिकलेली; बारीकसारीक चुका वेचते म्हणून कचेरीत तिला 'चिमटा' म्हणत. अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"सर, पाहिलं. बरोबर आहे."

"मग मान्यता दे."

"यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते मला माहीत आहे. आज माझी रजा होती असं धरा. मी महिनाअखेरीस बघते. तोवर एखादं मूत्रपिंड आलं, तर आलं. तुम्ही तुमचं काम केलंत ना?"

तिने त्याच्यापुढे दार उघडून धरले होते, आणि त्याच्या हाताला मळ लागणार नाही याचीही काळजी घेतली होती. त्याने गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकले.

"आत्ता दे," तो शेवटी म्हणाला. "मान्यता उद्यापर्यंत राहिली तर मी दुरुस्तीच मागे घेईन. मी ओळखतो स्वतःला."

स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मान्यता आलेली होती. दादा पाचवा झाला होता.

दादाच्या घरी दाराशेजारी पिशवी तशीच होती. रुग्णालयातून बोलावणे आले की दोन तासांत पोहोचावे लागते, म्हणून वहिनींनी सहा आठवड्यांपूर्वी ती भरली होती. टॉवेल, चपला, दाढीचे सामान. तेव्हापासून दादाने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. तो दाढीही करीत नव्हता. भरलेली पिशवी विसकटली तर काही तरी मोडेल, अशी त्याची समजूत झाली होती, आणि जन्मभर नास्तिक असलेल्या माणसाच्या त्या समजुतीला हसण्याची कुणाची छाती नव्हती.

"आले न्यायमूर्ती," दादा खुर्चीतूनच म्हणाला. "काय निकाल?"

त्याने सगळे सांगितले, क्रमाने, काही न वगळता. तपासणारीने काय सुचवले तेही. वहिनींनी ऐकून घेतले. "भाऊजी, चहा ठेवते," इतकेच म्हणून त्या आत गेल्या. आत नळ सुटला आणि वाहतच राहिला.

"चार जण?" दादाने विचारले.

"चार. सगळे तुझ्या आधीचे."

"आणि चूक?"

"माझी."

दादा पांढऱ्या दाढीवरून हात फिरवीत राहिला. "लहानपणीही खेळताना आपल्याच गड्याला बाद द्यायचास. मारायचो मी तुला त्याबद्दल."

"मार आता."

"आता कुठला जोर." दादाने मान दाराकडे वळवली. "त्या पिशवीतलं दाढीचं सामान काढ."

तो जागचा हलला नाही.

"काढ म्हणतो ना. तिथं पडून गंजेल."

त्याने पिशवीची चेन उघडली. वरचा टॉवेल घडी न मोडता बाजूला केला, खालून रेझर, ब्रश आणि वीतभर रुंदीचा आरसा काढला. दादाने गालांना फेस लावला. धाकट्याने आरसा दोन्ही हातांनी, दादाला हवा त्या उंचीवर धरला. "जरा वर," दादा म्हणाला. त्याने तो वर केला. आता त्याच्या डोळ्यांसमोर आरशाची तपकिरी पाठ होती, आणि तिच्यापलीकडून रेझर सावकाश चालल्याचा आवाज येत होता.