न फोडलेला ब्लॉक

नासीरनं बाकाखाली पुन्हा हात घातला. गंजलेले बोल्ट, मशीनचा तुटका पट्टा, रंगाचे वाळलेले डबे, सगळं जागच्या जागी होतं. ब्लॉक तेवढा नव्हता. एका हातात घण धरून तो तसाच उकिडवा बसून राहिला.

माणूस मुळात चुळबुळ्या. चहासुद्धा उभ्यानं पिणारा. पण या एका कामात त्यानं एवढी चालढकल केली होती की विचारू नका. आज फोडू, जुम्म्यानंतर फोडू, एवढा दरवाजा पुरा झाला की फोडू. आणि आज एकदाचा नेम करून घण घेऊन आला, तर फोडायचं तेच गायब.

धुळ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं सुतारकामाचं मशीन होतं. रंधा मारणं, फळी कापणं, भोक पाडणं, सगळं एकाच टेबलावर. त्या टेबलाच्या पोटात पोलादी लाट, म्हणजे जाड गोल दांडा, असतो, त्याच्या खाचांमध्ये रंध्याची पाती बसवतात. तो ब्लॉक. चालू झाला की इतका गरगर फिरतो की थांबलाय असंच वाटतं. नासीरचा ब्लॉक त्याच्या उस्तादानं, जीवराम नानांनी, रेल्वेच्या बाद झालेल्या एक्सलमधून खरादीवर कातून घेतला होता, आणि एका टोकाला छिन्नीनं 'जी' कोरला होता. नाना गेले, मशीन नासीरकडे आलं.

मग एके दिवशी बाभळीची फळी ढकलताना मशीनचा आवाज बदलला. एकसारख्या गुणगुणीत मधूनच एक बारीक 'टिक'. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. नासीरनं ब्लॉक उतरवला, रॉकेल लावून पुसून काढला, वर खडूची पूड टाकली. थोड्या वेळानं खाचेजवळच्या पांढऱ्या पुडीत एक काळी रेघ उमटली, केसाएवढी. पोलादाला तडा गेला होता. त्यानं नवा ब्लॉक आणून बसवला आणि जुना बाकाखाली सरकवला.

इथंच चुकलं. नानांचा नियम होता, बाद झालेला भाग भंगारात अख्खा जाता कामा नये. आधी घण घालायचा, दोन तुकडे करायचे, मग द्यायचा. नाहीतर कुणीतरी उचलतो, घासूनपुसून कुठंतरी बसवतो आणि तिसऱ्याच्याच अंगावर येतं. नासीरला हे पाठ होतं. पण घण उचलला की तो 'जी' दिसायचा, आणि नानांच्या थडग्यावर लाथ घालतोय असं काहीतरी वेड्यासारखं वाटायचं. नाना हिंदू, त्यांना थडगं कुठलं! पण वाटायचं खरं.

"रईसा!" तो ओरडला.

रईसा हात पुसत दारात आली. "क्या है? पूरा मोहल्ला जमा करोगे क्या?"

"बाकडे के नीचे का लोहा किधर गया?"

"वो? वो तो ईद की सफाई में दे दिया मैंने. भंगारवाले को." नवऱ्याचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "तुम्हीच बोले थे, खराब हो गया करके."

तिच्यावर ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण ओरडायला तोंड कुठं होतं? ईद होऊन किती महिने गेले! एवढ्या महिन्यांत बाकाखाली डोकावायला नको म्हणून तो त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा मारत नव्हता.

भंगारवाला सापडला. त्याला ब्लॉक चांगला आठवत होता, कारण दोंडाईच्याच्या लोटननं तो त्याच दिवशी हौसेनं उचलला होता. लोटन म्हणजे जुन्या मशिनांचे भाग जोडून नवी मशिनं करणारा बहाद्दर. नासीरनं मोटरसायकलला किक मारली ती थेट दोंडाईचा. रस्ताभर एकच विचार, अजून लोटनकडेच पडलेला असू दे.

लोटन खुर्ची टाकून बसला होता. "या नासीरभाई! तो ब्लॉक? आते कोठे ऱ्हास तो मन्हाकडे! केळीना धागा काढानं मशीन बनाडं मी त्यानं. फैजपूरले गयं. भारी मशीन शे!"

"त्याला तडा होता, लोटनभाऊ."

"तडा? मले ते नही दिखना."

"पात्यांच्या जागी काय बसवलं?"

"पट्ट्या. बठ्ठ्या वेल्डिंग करी दिन्ह्यात."

नासीर उसळला. तडा गेलेल्या पोलादावर वेल्डिंग! आधीच दुखऱ्या जागेवर डाग दिल्यासारखं. "बाद माल असा कुणाला देतात का?"

लोटनला ते झोंबलं. "बाद व्हता ते फोडा का नही? आनि तुन्हा नानानी बी तो भंगारमाईनच उचला व्हता ना? त्याना घर व्हयना ते कारागिरी, मी करी ते पाप?"

नासीरनं फैजपूरचा नंबर नि पत्ता मागितला, आणि लोटननं कुरकुरत का होईना, दिला. सुंदरबाई नावाची बाई होती. केळीची बाग घरची, घड कापून झाल्यावर फेकून द्यायच्या खांबांतून ती आणि तिची सून धागा काढत.

फोन लागला. पलीकडून आधी माणसाचा आवाज आलाच नाही, मशीनचा आला. घर्र घर्र, आणि त्यात मधूनच 'टिक'. आता बारीकही नव्हता.

"कोन बोलतं?" सुंदरबाई ओरडली.

"अक्का, मशीन बंद करा! आधी मशीन बंद करा!"

"काय? ऐकू नई येत! मशीन चालू हाये, मंग करा!"

फोन कटला. त्यानं पुन्हा लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. लोटनही आता खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

दोंडाईच्याहून फैजपूर काही जवळ नाही. तापी ओलांडायची, शिरपूर, चोपडा, यावल, आणि रस्ता म्हणजे उसाच्या ट्रॉल्या नि केळीच्या ट्रकांची मिरवणूक. नासीर एका ट्रॉलीला ओव्हरटेक करी, की पुढं दुसरी हजर. दर थांब्याला तो फोन लावी, आणि कुणी उचललं नाही की शिव्या घाली. लोटनला घातल्या, भंगारवाल्याला घातल्या, रईसाला घालता घालता जीभ चावली. चोपड्याला पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस म्हणाला, "भाऊ, लांबून आलेले दिसता, चहा घ्या." यानं सुटे पैसेही परत घेतले नाहीत.

फैजपूरच्या बाहेर, बागेच्या कडेला ते शेड होतं. नासीरनं गाडी बंद केली आणि कान टवकारले. आवाज नव्हता. मशीन आपोआप थांबत नसतं. एकतर कुणी थांबवलेलं असतं, नाहीतर काहीतरी झालेलं असतं.

आत सुंदरबाई पाटावर बसून धागे विंचरत होती, सून रूपाली डोक्याला रुमाल बांधून केळीच्या सोपटांच्या पट्ट्या रचत होती. दोघी धडधाकट. "आताच लाईट गेली भाऊ," सुंदरबाई म्हणाली, "येईनच आता. कोन तुमी?"

नासीरला तिथंच मातीत बसावंसं वाटलं, पण बसला नाही. धापा टाकत सगळं सांगितलं. सुंदरबाई ऐकत गेली तसतशी तिची कपाळावरची आठी वाढत गेली.

"लोटनभाऊनं सांगेल होतं मले," ती म्हणाली. "असा ब्लॉक पुन्हा मियत नई, कोनी मांगाले आलं तर देऊ नका म्हने. आलेच तुमी!"

"अक्का, मला न्यायचा नाही. फोडायचाय."

"माह्यं चालतं मशीन फोडाले धुयाहून आले?"

मशीन खरोखर झकास दिसत होतं, हे नासीरला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. ब्लॉकभोवती पट्ट्यांचा ड्रम, वर पत्र्याचं झाकण, समोर एक फट. त्या फटीतून केळीची पट्टी आत द्यायची आणि ओढून घ्यायची. गर निघून जातो, धागा हातात राहतो. देणारीचं तोंड अगदी ड्रमसमोर.

"पट्टी कोण देतं?" त्यानं विचारलं.

"मीच," रूपाली म्हणाली.

"मला थोडं डिझेल द्या, आणि कसली तरी पांढरी पूड. तडा दिसला नाही तर मी पाया पडून परत जातो."

रूपालीनं सासूकडे बघितलं, आणि घरातून आपला पावडरचा डबा आणला. नासीरनं झाकण काढलं. डिझेलचा बोळा ब्लॉकवर फिरवला, जिरू दिलं, कोरड्या फडक्यानं पुसून काढलं, वर पावडर भुरभुरली. शेडभर मोगऱ्याचा वास सुटला. 'जी' पांढरा होऊन उठून दिसायला लागला. तिघंही वाकून बघत राहिले.

काहीच दिसेना.

सुंदरबाई हसली. तिचंही बरोबरच होतं. नासीर पुन्हा वाकला. आपण चुकीच्या बाजूला बघतोय का? हा ब्लॉक तोच ना? फोनवर ऐकलेला 'टिक' आपल्या डोक्यातलाच तर नव्हता? तेवढ्यात छताचा बल्ब पेटला. लाईट आली.

"झालं तुमचं?" सुंदरबाई उठली. "रूपाली, झाकन लाव. मुंबईची गाडी भरनं हाये आपल्याले." आणि तिनं बटणाकडे हात नेला.

"मामी, थांबा," रूपाली सासूला म्हणाली.

पावडरीत काहीतरी ओलसर होत होतं. आधी खाचेच्या कोपऱ्यात, मग पुढं, मग वेल्डिंगच्या खालून पलीकडे. नासीरनं पाहिली होती ती रेघ बोटाच्या पेराएवढी होती. ही निम्म्या ब्लॉकला वळसा घालून गेली होती, आणि अजून लांबतच होती. रूपालीनं आपण उभं राहतो ती जागा बघितली, मग रेघ बघितली, आणि गपकन मागं सरकली. सुंदरबाईचा हात बटणावरून खाली आला. तिनं शेजारच्या बागेतून घण मागवून घेतला.

ब्लॉक उतरवून त्यांनी दोन दगडांवर आडवा ठेवला. नासीरनं घण उचलला. 'जी' वर तोंड करून बघत होता. पहिला घाव त्यानं घातला खरा, पण हात आपसूकच आखडला. घण नुसता उसळून आला.

"नाना, माफ करा," तो मोठ्यानं म्हणाला, लाज न बाळगता, आणि दुसरा घाव जीव खाऊन रेघेवर घातला.

ब्लॉकचे दोन तुकडे झाले, बिस्किटासारखे. नासीरनं एक उचलून उजेडात धरला. तुटलेला भाग जवळजवळ सगळा काळपट, आतपर्यंत तेल मुरलेला. म्हणजे तो आज तुटलाच नव्हता, कधीचाच तुटलेला होता. एका कडेला तेवढं ताजं, पांढरं, चमकणारं पोलाद होतं. तेवढ्यानंच सगळं धरून ठेवलं होतं. रूपालीनं त्यावर अंगठा ठेवून पाहिला. अंगठ्याखाली सगळी चमक झाकली गेली.

सुंदरबाईनं सुनेचा तो हात धरला आणि सोडलाच नाही. मग म्हणाली, "भाऊ, बरं केलं तुमी. पन आता आमचं मशीन बंद, तुमचं चालू."

तिनं टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं होतं. म्हणूनच ते नासीरला जास्त लागलं. त्यानं मशीनचे बेअरिंग हातानं फिरवून पाहिले, माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"माझा नवा ब्लॉक इथं बसेल," तो म्हणाला. "वेल्डिंग नाही करायचं. पात्यांच्या खाचेत बोथट पट्ट्या बोल्टनं आवळू. तुमचा धड ड्रम होईपर्यंत राहू द्या. उद्या आणतो."

"आन् तुमचं काम?"

"बघतो." आणि दुसरं काही सुचण्याआधी तो बाहेर आला.

'जी' असलेला तुकडा त्यानं पिशवीत टाकला. अर्धा होता, आता घरी न्यायला हरकत नव्हती. गाडीजवळ फोन वाजला. रईसा. दिवसभर तीही बसली नसणार.

"मिला क्या?"

"मिला. तोड दिया."

"कोई...?"

"सब अच्छे हैं. सास भी, बहू भी."

पलीकडून रडल्यासारखा आवाज आला आणि लगेच नाक ओढल्याचा. "अब घर आओ."

"आता हूँ. तू पाने निकालके रख, नया ब्लॉक खोलना है. इन लोगों को देना है."

"और अपना दरवाजे का काम? वो किससे करोगे?"

"नाना का हाथ का रंधा है ना, लकडीवाला. उसीसे." मग त्याला एकदम शंका आली. "रईसा, वो तो नहीं दिया ना भंगार में?"

"नहीं दिया," रईसा म्हणाली. "वो खराब थोडी था."