जाड तार

लांब जाणारं वाद्य हाती आलं की पहिलं काम म्हणजे तारा सैल करायच्या. कारागिराच्या बोटांत ही सवय इतकी मुरली होती की त्याला डोकं लावावं लागत नसे. व्हायोलिनची मान बारीक, पोट पातळ लाकडाचं. विमानाच्या थंडीत तारा ताणलेल्याच राहिल्या तर मान तरी निखळते, नाहीतर लाकडाला चीर जाते. पस्तीस वर्षांत त्याने पाठवलेलं एकही वाद्य वाटेत फुटलं नव्हतं, आणि हे तो गिऱ्हाइकाने न विचारताही सांगे.

या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. व्हायोलिन त्याच्या ताईचं होतं. ताई जाऊन सात आठवडे झाले होते. तिची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे. रजा मिळाली नाही म्हणून शेवटच्या भेटीलाही येऊ शकली नव्हती.

सकाळी दहाच्या सुमारास त्याने टेबलावर खोका, फोमचे तुकडे आणि रद्दी मांडली, व्हायोलिन पेटीतून काढून मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात भाचीचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला.

"मामा, पॅकिंग सुरू केलंस?"

"आत्ता बसलोय. असला खोका आणलाय, त्यात तूसुद्धा मावशील."

"मग मलाच घाल त्यात आणि परत बोलावून घे."

तो हसला. ती हसली नाही.

"मामा, एक सांगायचंय. वेडी म्हणशील."

"तुझ्या आईचा भाऊ आहे मी. वेडेपणा घरचाच."

"तारांना हात लावू नकोस. हॉस्पिटलात जायच्या दिवशी सकाळी आईने वाजवलं होतं ना? तेव्हाचा सूर आहे तो. माझा आवाज जाड, म्हणून ती सगळं एक स्वर खाली लावायची. मला तस्साच हवाय. एकदाच त्याच्यावर गाणार आहे. मग काय तुटायचं ते तुटू दे."

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. त्याची बोटं चौथ्या, जाड तारेच्या खुंटीवर होती. बाकीच्या तीन तारा लोंबत होत्या.

"मामा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"नाही ना लावणार हात?"

तापल्या तव्यावरून उचलावीत तशी त्याने बोटं उचलली. "बरं," एवढंच म्हणाला.

फोन बंद झाला तेव्हा बायको दारात उभी होती.

"सोडल्यात ना?"

"तीन."

"अहो, मग परत लावा. ताईंचा सूर तुमच्या कानात आहे की."

"लावीन. पण तो मी लावलेला होईल."

"सुराला काय सही असते का?"

त्या तीन तारा त्याने जेमतेम ताणल्या, तारांखालची लाकडी घोडी उभी राहील एवढ्याच. पोटातली, तारांच्या दाबावर उभी राहणारी काडी पडली तर तिकडे भाचीला बसवून देणारं कोण? जाड तारेला त्याने खुंटीकडून हात लावला नाही. अंगठ्याने एकदाच छेडली आणि विरेपर्यंत ऐकली. मग घोडीच्या दोन्ही बाजूंना फोम, मानेखाली मऊ कापड, पेटीभोवती चारी बाजूंनी चार बोटं चुरगाळलेली रद्दी. खोका कानाशी धरून हलवला. आत काहीही हललं नाही.

चिठ्ठी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिली होती. ती आधीच पेटीच्या झाकणाखाली गेली होती. 'बोलता बोलता माझ्या हाताने तीन तारा सैल केल्या. सवयीने. जाड तार ताईची आहे, तिला कोणी शिवलेलं नाही. माफ कर.'

पंधरा दिवसांनी फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"पोचलं, मामा. खोक्याचा कोपरा चेपलाय, आत ओरखडासुद्धा नाही."

"कधी पोचलं?"

"तीन दिवस झाले. चिठ्ठी वाचली आणि तुझ्याशी बोलावंसंच वाटेना." ती थांबली. "जाऊ दे. एक तरी ठेवलीस. आता ऐक."

तिने जाड तार छेडली.

कारागिराने डोळे मिटले. एक स्वर खाली नव्हती ती तार, जवळजवळ दोन होती. थंडीत खुंटीचं लाकूड आकसलं असणार, आणि तार तिच्या तिनेच उतरली असणार. कोणाचाही हात न लागता.

"हाच ना आईचा?"

स्वयंपाकघरात बायकोची सुरी भाजीवर थांबली.

"हाच," तो म्हणाला. "गा."

ती गाऊ लागली. दुसऱ्याच ओळीत, सर्वांत खालच्या स्वरावर आवाजाची नुसती हवा झाली. तिने पुन्हा तार छेडली, पुन्हा गायली, पुन्हा तिथेच अडली.

"मामा, इतक्या खाली मी पोचतच नाहीये. लहानपणी कशी पोचायचे?"

आता सांगता आलं असतं. त्याने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"सराव सुटलाय तुझा," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "सुटलाच आहे." आणि तिने ती ओळ पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.