टीव्हीत पोरगी निळी दिसते

रविवारी सकाळी रत्नमाला टीव्हीसमोर बसायची ती घरी पाहुणे यायचे असल्यासारखी. धुतलेली साडी, पाणी लावून चापूनचोपून बसवलेले केस, आणि ओट्यावरची भांडी दिसू नयेत म्हणून मधलं दार लोटलेलं. लेक यायची ना पुण्याहून, टीव्हीत.

जावयानं, अश्विननं, मागच्या खेपेला टीव्हीच्या डोक्यावर इवलासा कॅमेरा बसवून दिला होता, मागे एक डबी लावली होती, आणि रिमोटचं कोणतं बटण दाबायचं ते सासूबाईंकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. रत्नमालाचा स्वतःचा फोन बटणांचा. त्यात नुसता आवाज यायचा, आणि आवाजाचं काय, तो जरा हसून बोलला की दूरच्या माणसाला सगळं बरंच वाटतं. चेहरा पाहायचा तर टीव्हीतच. केवढा मोठा! प्रतिक्षाच्या गालावरचा तीळसुद्धा सुपारीएवढा.

गेले काही रविवार मात्र त्या चेहऱ्याला काहीतरी झालं होतं.

"काहून वं, ओठ निळे काहून दिसून राहिले तुझे?"

"मी नाई निळी आई, तुझा टीव्ही निळा झाला."

"टीव्ही कसा निळा होईन? अन् डोळ्याखाली काय हाये ते? जेवत नाईस काय?"

"जेवते वं. म्हातारा झाला तो टीव्ही. माझी दहावी झाली तेव्हा घेतला होता बाबांनी, आठव."

आठवायचं काय? गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी ही पोर जन्मली, दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा धर्मेंद्रनं हौसेनं टीव्ही आणला. आता धर्मेंद्र नाही, पोर पुण्याला, आणि घरात बोलणारा म्हणून तो टीव्हीच. त्याला म्हातारा म्हटलेलं रत्नमालाला आवडलं नाही. पण त्यातच एक आधारही सापडला. निळा टीव्ही झालाय, पोर नाही. हा आधार तिनं आठवडाभर पुरवून पुरवून वापरला.

शेजारची शकुबाई, जिच्या घरचं वायफाय भिंतीतून इकडे यायचं आणि जिला त्यामुळे या घरात कधीही शिरायचा हक्क होता, ती म्हणाली, "आपल्या मोहल्ल्यातला टीव्ही हाये, निळाच होईन. जय भीम म्हन अन् पाह्य."

हसणं झालं. पण पुढच्याच आठवड्यात पडद्याचा खालचा भाग काळाच झाला. बातम्या सांगणाऱ्या बाईला गळ्याखाली काही उरलंच नाही. मग ई-रिक्षात उशीवर आडवा घालून, लेकराला दवाखान्यात न्यावं तसा, टीव्ही सेवकरामच्या दुकानात गेला.

सेवकराम धर्मेंद्रच्या वर्गातला. पवनीत वेशीजवळ त्याचं दुकान, आणि दुकानात बसायला जागा सोडून सगळं. त्यानं टीव्ही पालथा केला, पापडासारखे पातळ पांढरे कागद एकेक करून अलगद बाजूला ठेवले, आणि तळाशी तीन आडव्या पट्ट्या दिसल्या. प्रत्येकीवर काचेच्या टिकल्या ओळीनं.

"हे दिवे पडद्याच्या मांगं जळत रायतात, वहिनी. खालची पट्टी गेली. पण माझं ऐका, तिन्ही बदलवा."

"वरच्या दोन तं जळून राहिल्या ना?"

"जळतात, पण निळ्या पडल्या. पांढरा लाइट म्हणजे आतून निळाच असते. वरतून पिवळं औषध लावलेलं असते, तेव्हा तो पांढरा दिसते. वर्षानुवर्षं गरमीनं ते औषध जळते, अन् आतला निळा बाहेर येते."

रत्नमालाला हे ताबडतोब कळलं. धर्मेंद्रच्या पांढऱ्या शर्टांना आयुष्यभर तिनंच नीळ दिली होती. थोडी असली तर शर्ट पांढरा दिसतो, जास्त पडली की माणूस नदीतून काढल्यासारखा.

"एकच नवी टाकली तं रंग जुळत नाई," सेवकराम म्हणाला. "संगं म्हातारे झालेले दिवे संगंच बदलवाव लागते."

पण जळता दिवा काढून फेकायचा? रत्नमालाच्या घराण्यात हे कोणी केलं नव्हतं. फाटलं तेवढं शिवायचं, गळतं तेवढंच कौल बदलायचं, ही रीत. "जे बिघडलं तेवढंच करा, भाऊ," ती म्हणाली. सेवकरामनं मान हलवली. गिऱ्हाइकाशी एकदाच भांडायचं, हा त्याचा नियम होता.

रविवारी टीव्ही लागला आणि त्यात प्रतिक्षा आली, ती अर्धी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या. कपाळ, डोळे, नाक निळसर. हनुवटीपासून खाली पिवळट. मध्ये रेघ नव्हती. गढूळ पाण्यात स्वच्छ पाणी मिसळावं तसा एक रंग दुसऱ्यात उतरत गेलेला. मागे जावई उभे होते ते सगळेच वरच्या भागात, नखशिखांत निळे.

"जावईबापू, तुमी जरा खाली बसता काय?"

"का हो आई?"

"वरतं तुमचा रंग उडून राहिला."

अश्विन हसत खाली बसला आणि एकदम माणसात आला. गव्हाळ, टवटवीत, नुकतीच दाढी केलेला. रत्नमालाला वाटलं, अरे, ही तर चांगली सोय आहे. "प्रतिक्षा, तू पण बस ना वं खाली. जमिनीवर बस. पाहू दे मले."

प्रतिक्षा हलली नाही. "कंबर दुखते आई. इथंच बरी आहे."

"जरा वाकली तरी होते."

"आई, काय चालवलं तू? टीव्ही बिघडला म्हणून मी काय जमिनीवर लोळू?" ती हसली. पण हसताना खोकल्यासारखं पुढे झुकली, आणि तिचा चेहरा क्षणभर खालच्या भागात उतरला. रत्नमालानं पाहिला. मग आवाज आला, "नेटवर्क जाऊन राहिलं आई, ठेवते," आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

रत्नमाला बसूनच राहिली. पोर निळ्यात निळी दिसली होती, यात काही नवल नव्हतं. पण चांगल्या उजेडातही ती अश्विनसारखी दिसली नव्हती. एकाच पट्टीखाली दोघं बसले, एक गव्हाळ आणि एक राख. की झुकताना सावली पडली? की दोन रंगांच्या मधोमध आली होती ती?

"माझ्या मोबाइलात पाह्य ना," शकुबाईनं फोन पुढे केला. "आत्ता लावून देते. त्याचा रंग तं चांगला हाये."

"नको," रत्नमाला म्हणाली. "त्यात चेहरा कवडीएवढा दिसते."

शकुबाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फोन कमरेला खोचला. कवडीएवढा का होईना, खरा दिसला असता. हे दोघींनाही माहीत होतं. शकुबाईनं रोवण्याचा, भातलावणीचा विषय काढला. भाताच्या रोपांचे परे वाढून राहिले होते, लावणीला बाया मिळत नव्हत्या, रत्नमालाच्या धानाच्या बांधीत चिखल करून ठेवला होता. तोही विषय खोटा नव्हता.

आठवडाभर रत्नमालाला चैन नव्हतं. बांधीत उभी राहिली की वाटे, रोप पिवळं आहे की ऊन पिवळं? शेवटी ती सेवकरामकडे गेली.

"जुळत नाई ना?" तो म्हणाला. सांगितलं होतं, असं म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा. मग भंगारातल्या टीव्हीतून काढलेली एक पट्टी त्यानं पेटवून दाखवली. "दोन रस्ते हायेत. ही पाहा, तुमच्याच टीव्हीच्या वयाची. जळलीय तेवढीच, निळी झालीय तेवढीच. ही खाली टाकली तं सगळा पडदा एकसारखा होते. निळा, पण एकसारखा. डोयाले मंग समजत नाई. दोन दिवसांत तोच रंग खरा वाटते. नाईतं नागपूरवरून तीन नव्या मागवतो. थांबाव लागते."

रत्नमालानं त्या जुन्या पट्टीकडे पाहिलं. किती सोपं होतं. सगळं एकसारखं निळं. पोर निळी, जावई निळे, बातम्यांतली बाई निळी. कोणावर वेगळा संशय नाही. रविवारी म्हणायचं, काहून वं निळी, आणि तिनं म्हणायचं, तुझा टीव्ही. दोघींचं वर्षभर सहज निभलं असतं.

"हीच टाका" हे शब्द तिच्या जिभेवर आले होते.

"अन् नव्या टाकल्या," तिनं विचारलं, "तं खरा रंग कोणता, हे मले कसं समजन? तोही पिवळट वाटला तं?"

"पांढरं पाहायचं," सेवकराम म्हणाला. "चेहऱ्यावर नाई जायचं, चेहऱ्याचा रंग कोणाले माहीत असते? पडद्यावर जे पांढरं आहे ते पाहायचं. भिंत, कपडा, काही. पांढरं पांढरं दिसलं, तं बाकीचं जे दिसते ते खरं."

 रस्त्यावरून भंडाऱ्याची बस चिखल उडवत गेली.

"नव्या बोलवा," ती म्हणाली, आणि पैसे, दिवस काही न विचारता निघाली, मन बदलायच्या आत.

पट्ट्या आल्या आणि बसवूनही झाल्या त्या आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या सकाळी मोहल्ल्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत. आजपासून विहारात वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने धम्मवाचन, म्हणून बाया पांढऱ्या साड्या नेसून लवकरच गेल्या होत्या. वंदना आटोपून रत्नमाला घरी आली आणि पाय न धुताच तिनं रिमोट हातात घेतला. तिला ठाऊक होतं, पौर्णिमेला प्रतिक्षाही पांढरीच साडी नेसते. आईचीच शिकवण.

पडदा लागला. प्रतिक्षा सोफ्यावर बसली होती, पांढऱ्या साडीत.

रत्नमालानं चेहऱ्याकडे पाहिलं नाही. जीव तिकडे ओढत होता, पण सेवकरामनं सांगितलं होतं तसं तिनं आधी पदर पाहिला. खांद्यावरचा. मग निऱ्या, खाली गुडघ्यापर्यंत. वर पांढरा, मध्ये पांढरा, खाली पांढरा. नीळ नाही, पिवळं नाही. पिंजलेल्या कापसासारखा स्वच्छ. आता टीव्हीकडे बोट दाखवायला जागाच उरली नाही.

मग तिनं नजर वर नेली.

सावळी पोर होती तिची. पावसाळ्यात अंगणात खेळून आली की गालांवर जांभळाची झाक यायची. पडद्यावर जी बसली होती तिच्या चेहऱ्याला रंगच नव्हता. ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं.

"जय भीम आई. झाला काय टीव्ही दुरुस्त?"

"झाला."

"कशी दिसते मी?"

विचारलं तिनं हसतच, पण विचारून झाल्यावर हसू चेहऱ्यावरून काढायला विसरली. रत्नमालानं वाट पाहिली. बोलली असती तर पोरीनं पुन्हा काहीतरी शोधून काढलं असतं.

"रक्त कमी झालं म्हणते डॉक्टर," प्रतिक्षा म्हणाली. "गोळ्या चालू हायेत."

"काहून झालं कमी?"

पडद्यावरची पोर आपल्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "तूच म्हणतेस ना, तीन महिने कोणाले सांगू नये. आम्ही दिवस मोजून राहिलो होतो. तुले पहिल्यांदा सांगणार होतो, टीव्हीवर, तुझं तोंड पाहायचं होतं मले." ती थांबली. "सांगायचा दिवस आला, अन् सांगायलेच काही उरलं नाई."



"कधी?"

"उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात. म्हणजे ओठ निळे दिसले त्याही आधी. रत्नमालानं मनातल्या मनात ते सगळे रविवार पाहिले, एकेक. दोघी किती गोड बोलल्या होत्या. "जावयांनी तरी सांगाव ना मले."

"मीच नको म्हटलं. तुझा रोवणा, तुझे गुडघे. तू एकटी. तू आली असतीस धावत."

"मंग? यायलेच तं असते आई."

प्रतिक्षा रडली तेव्हा आवाज केला नाही. लहानपणीही ती अशीच रडायची, कुणाला त्रास न देता. रत्नमाला उठून टीव्हीपर्यंत गेली, आणि तिथं गेल्यावर तिला कळलं की याच्यापुढे जाता येत नाही. काच आहे. मग ती मागे फिरली आणि फळीवरची पिशवी काढली.

"शकु!" तिनं दारातून हाक मारली. "नागपूरची गाडी किती वाजता हाये दुपारची?"

"आई, एकदम नको निघू. रोवणा—"

"रोवणा शकु करन. भाताले आई नसली तरी चालते."

शकुबाई आली, पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि काही न विचारता लाखोळीची डाळ पुडक्यात बांधू लागली. रत्नमालानं रिमोट उचलला तशी प्रतिक्षा म्हणाली, "बंद नको करू ना. तू आपलं काम कर. मी पाहून राहिली."

मग रत्नमाला घरात फिरत राहिली, आणि लेक तिकडून पाहत राहिली. ती स्वयंपाकघरात गेली की आवाज यायचा, "आई, कुठं गेलीस?" आणि ती आतून ओरडायची, "हे काय, इथंच हावो." जवसाची चटणी घेऊन बाहेर आली. साडी कोणती घ्यावी म्हणून दोन पुढे धरल्या. "डाव्या हातातली," टीव्ही म्हणाला. धर्मेंद्रच्या आईनं शिवलेली गोधडी पिशवीत मावेना. "राहू दे, इथं आहेत," टीव्ही म्हणाला. रत्नमालानं ऐकलं नाही, दाबून दाबून कोंबली.

थोड्या वेळानं टीव्ही बोलायचा थांबला. रत्नमालानं वळून पाहिलं. प्रतिक्षा सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड जरा उघडं. अश्विन पावलं न वाजवता आला, तिच्या अंगावर पांघरूण घातलं, कॅमेऱ्याकडे पाहून सासूला हात जोडले, आणि पलीकडे निघून गेला. फोन तसाच ठेवला.

गाडीची वेळ होत आली. रत्नमालानं पायात चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि रिमोटवरच्या लाल बटणावर अंगठा ठेवून उभी राहिली. दाबवेना. तिनं रिमोट शकुबाईच्या हातात दिला आणि टीव्हीसमोरची खुर्ची ओढून तिला बसवलं.

"ती उठली तं सांगजो," रत्नमाला हळूच म्हणाली, झोपमोड होऊ नये म्हणून, "आई निघाली म्हणून."