चार पितळी पाट्या आणि मी

मित्रांनो, मी बर्फ उपसणारं एक जुनं फावडं आहे. मॉन्ट्रियलमध्ये एका जिन्याखाली माझा मुक्काम. नागपूरहून आलेल्या इंजिनियर सूर्यकांतरावांना चौदा हिवाळे मीच वाट काढून दिली. पहिल्या हिवाळ्यात ते मला उलटं धरायचे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. येणारा-जाणारा माझ्यावर बूट आपटून बर्फ झाडतो, तेही निमूट सोसलं.

मग गेल्या ऑक्टोबरात दारासमोर फुटपाथात चार पितळी पाट्या बसवल्या. तळहाताएवढ्या! काम काय, तर नुसतं पडून राहायचं. तरी लोक वाकून त्यांवरची नावं वाचतात, फुलं ठेवतात. सूर्यकांतरावांची मुलगी ऊर्मी दर रविवारी त्यांना फडक्याने चमकवते. माझ्या दांड्याला कुणी तेलाचं बोट लावलं असेल तर शपथ!

परवा वादळानंतर माझं पातं पाट्यांजवळ पोचलं, तोच ऊर्मी ओरडली, "बाबा, स्टॉप! स्क्रॅच येतील!"

मला भिंतीला टेकवून तिने मऊ ब्रश घेतला. कालचा आलेला ब्रश! मी ठरवलं, पुढच्या खेपेला जरा घसरायचं. एकच ओरखडा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून सत्त्याऐंशी वर्षांच्या घरमालकीण मिरियमआजी कठडा धरत उतरल्या.

"अहो, एवढ्या बर्फात कशाला उतरलात?" सूर्यकांतराव म्हणाले.

"तू शोव्हल केलंस म्हणून. आता तक्रार करू नकोस. आज लेआचा वाढदिवस."

सगळ्यात कडेची पाटी लेआची. आजींची चुलतबहीण.

"ऊर्मी, तू झोपतेस ना, ती खोली माझ्या वडिलांनी काकांच्या कुटुंबासाठी रंगवली होती. युरोपातून त्यांना इथे आणायला खूप अर्ज केले. कॅनडाने नाही म्हटलं. ज्यू नको होते. मग नाझींनी चौघांनाही मारलं. लेआ पाच वर्षांची होती. कबरसुद्धा नाही, म्हणून या पाट्या." आजींनी पाट्यांकडे बोट केलं. "नकार आल्यावरही माझे बाबा रोज सकाळी इथला बर्फ काढायचे."

"बट फॉर हूम?"

"येतील म्हणून."

ऊर्मीने हातमोजा काढून उघड्या बोटांनी लेआचं नाव मोकळं केलं.

मित्रांनो, माझ्यावर आपटलेल्या बुटांचा हिशेब मी त्या दिवशी पुन्हा केला. चार जोड कमी आहेत. त्यातला एक अगदी लहान.

ओरखड्याचा बेत मी सोडला. तुमच्या रस्त्यात अशा पाट्या असतील, तर तिथवरची वाट माझ्यासारख्याकडून खुशाल काढून घ्या. शेवटची वीत मात्र हातांनी मोकळी करा.

त्या ब्रशचा हेवा मला अजून वाटतो. त्याला लेआच्या नावाला हात लावता येतो.