निघताना बसायची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे आणि सध्या तिन्ही पाय वर करून पडले आहे. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

माझा जन्म व्होल्गाकाठच्या किनेश्मा गावातला, आर्खिप सुताराच्या अंगणातला. आर्खिप मोठ्या लढाईवरून परतला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून आला होता. शत्रू त्याच्या देशावर चालून आला होता, म्हणून तो गेला होता. परतल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर बर्चच्या एका ओंडक्यातून दोन तिवया केल्या. एक मी आणि दुसरी माझी जुळी बहीण. बायको म्हणाली, "अहो, घरात धड पलंग नाही, आणि तिवया कसल्या करत बसलात?" आर्खिप म्हणाला, "चार वर्षं उभा होतो. आता जरा बसू दे."

अंगण गेलं, आम्ही चौथ्या मजल्यावरच्या घरात आलो. काम काही कमी झालं नाही. दिवा बदलायचा असला की मी, कोबी चिरायला बसायचं असलं की मी. नव्या वर्षाच्या सजवलेल्या झाडापुढे घरातलं पोर माझ्यावर उभं राहून कविता म्हणायचं आणि मोठी माणसं टाळ्या वाजवायची. आधी आर्खिपचा मुलगा येफिम उभा राहिला, मग येफिमचा मुलगा रोदिओन, मग रोदिओनची मुलगी ग्लाशा. ग्लाशा ओळ विसरली की अंगठ्याने माझी पाठ खरवडायची. आठवली की थांबायची. तिची सगळी कविता मला तिच्याआधी पाठ झाली होती.

पण आमची मानाची कामं दोनच. पहिलं म्हणजे निघताना बसणं. आमच्याकडे कोणी लांबच्या वाटेला निघालं की जाणारे आणि राहणारे सगळे दाराजवळ क्षणभर गप्प बसतात. कोणी तिवईवर, कोणी बॅगेवर. मग घरातलं वडील माणूस उठून म्हणतं, "चला, देव बरोबर असो." एवढं झालं की वाट सुखाची होते. आणि एकदा उंबरा ओलांडला की विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरायचं नाही. फिरलं तर वाट नासते, असं सगळे मानतात.

दुसरं काम सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. घरात कोणी गेलं की शवपेटी आम्हा दोघी बहिणींवर ठेवतात. पेटी उचलून बाहेर नेली की लगेच आम्हाला उलटं करतात, पाय वर. नाहीतर मरण रिकाम्या जागेवर टेकतं आणि घरातून हलत नाही, म्हणे. आर्खिपला आम्हीच धरलं होतं. येफिमच्या बायकोलाही आम्हीच धरलं. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवसापर्यंत कोणीतरी आम्हाला सरळ केलं आणि घर पुन्हा चालू झालं.

आता रोदिओनच्या बायकोचं सांगते. तिचं नाव किरा. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आमच्या राज्यकर्त्यांनी शेजारच्या देशावर फौज घातली, तेव्हा युद्धाला युद्ध म्हणायचीसुद्धा बंदी झाली. एक दिवस वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, आपण जिंकतोय ना?" किरा म्हणाली, "युद्धात कोण जिंकतं ते मला माहीत नाही, बाळा. मरतात मात्र लहान मुलंसुद्धा." बस, एवढंच. कोणाच्या तरी पालकांनी तक्रार केली. किराला चौकीवर नेलं, दंड केला आणि बजावलं, की पुन्हा तोंड उघडलंत तर थेट तुरुंग. नोकरी तर त्याच आठवड्यात गेली.

त्या संध्याकाळी ती माझ्यावर बसून बटाटे सोलत होती. साल जाडच्या जाड निघत होती. येफिम म्हणाला, "सूनबाई, अर्धा बटाटा सालीत चाललाय."

"जाऊ दे ना, बाबा."

"जिभेला जरा लगाम घातला असता तर काय बिघडलं असतं?"

"मुलाने विचारलं हो. त्याच्या तोंडाकडे बघून खोटं कसं बोलू?"

"मग गप्प बसायचं. आम्ही आयुष्यभर गप्प बसलो, मेलो का?"

किराने पुढचा बटाटा उचलला. मला येफिमचा राग आला, आणि खरं सांगते, त्याची कीवही आली. दिवसभर टीव्हीपुढे बसलेला एकटा म्हातारा तो. टीव्ही सांगेल ती पूर्व दिशा.

शरद ऋतूत लष्कराची सक्तीची भरती निघाली. रोदिओन नदीवरच्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. त्याच्याही नावाने बोलावणं आलं. मग मात्र स्वयंपाकघरात बापलेकांची अशी जुंपली की रस्सा चुलीवर निवून गेला.

"मी जाणार नाही, बाबा. त्या लोकांनी माझं काय वाकडं केलंय?"

"तुझा आजा गेला होता. दोन बोटं देऊन आला. त्याच्या नातवाने शेपूट घालायचं?"

"आजोबांच्या घरात कोणी घुसलं होतं. आज आपण दुसऱ्याच्या घरात घुसलोय. आजोबा असते तर त्यांनी मला कुठे पाठवलं असतं, सांगा."

येफिमचा आवाज चढला. "रायसाचा ल्योन्या बघ! बावीस वर्षांचं पोर, पहिल्या हाकेला गेलं. आणि तू बायकोच्या पदराआड लपून पळणार!"

रायसा म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. ल्योन्या तिचा एकुलता एक.

रोदिओन हळूच म्हणाला, "आम्ही तिघं उद्या निघतोय. जॉर्जियात, तिबिलिसीला. तुम्हीही चला, बाबा. हात जोडतो."

"मी माझ्या घरातच मरेन. तुम्ही जा, पळपुट्यांनो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅगा दाराशी आल्या. किराने आम्हा दोघींना आणून भिंतीशी ठेवलं. एकीवर किरा बसली, रोदिओन बॅगेवर टेकला, ग्लाशा त्याच्या मांडीवर. मी रिकामी होते. ती जागा येफिमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्लाशाने हाक मारली. "आजोबा, बसायला या ना. सगळे थांबलेत."

आतून टीव्हीचा आवाज वाढला.

रोदिओन उठून आतल्या दाराशी गेला. "बाबा, माझ्यासाठी नको. पोरीसाठी क्षणभर बसा."

"प्रवासाला निघालेल्यांसाठी बसतात, रोद्या. पळून जाणाऱ्यांसाठी नाही."

मित्रांनो, लाकडाला काळीज नसतं असं म्हणतात. पण त्या वेळी माझ्या आत चर्र झालं ते कशात झालं मग? रोदिओन परत येऊन बॅगेवर बसला. तिघं गप्प बसले. उठायला सांगणारं वडील माणूस नव्हतं, म्हणून कोणी उठेना. शेवटी किराच म्हणाली, "चला." दार लागलं.

दार लागलं आणि टीव्ही बंद झाला. येफिम बाहेर आला, सपाता फरफटत, भिंतीला धरत. त्याने बंद दाराकडे पाहिलं आणि तो माझ्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, जसं बसायचं असतं अगदी तसा. त्याचं थरथरणं माझ्या पायांतून फरशीत उतरत होतं.

तेवढ्यात जिन्यावर ग्लाशाचा आवाज आला. "बाबा, माझा एक हातमोजा घरात राहिला!" मग रोदिओनची पावलं वर येऊ लागली. त्याचं पाऊल मला पाळण्यापासून ठाऊक आहे. येफिमची मान वर झाली. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली, आणखी वर आली. खालून किराची हाक आली, "रोद्या, नको. निघाल्यावर मागे फिरू नये. आधीच ते बसले नाहीत. आणखी अपशकुन नको."

पावलं थांबली. दारापासून इतकी जवळ, की श्वास ऐकू येत होता. येफिमला उठायचं होतं, दार उघडायचं होतं. पण बसणं मधेच मोडलं तर जाणाऱ्याचं वाईट होतं, असं त्याच्या आईने त्याला लहानपणी शिकवलं होतं. लेकाचं वाईट होऊ नये म्हणून तो जागचा हलला नाही. पावलं खाली गेली. लेकाने शकुन पाळला, बापाने शकुन पाळला, आणि मधे एक दार तेवढं राहिलं.

बऱ्याच वेळाने येफिम उठला आणि रिकाम्या घराला म्हणाला, "चला, देव बरोबर असो."

हे माझ्याशिवाय आणि माझ्या बहिणीशिवाय कोणी ऐकलं नाही.

पुढे फोन यायचे. रोदिओन भीत भीत बोलायचा. फोन कोणीतरी ऐकतं असं सगळे मानायचे, म्हणून बोलणं हवेवर चालायचं.

"तिकडे पाऊस आहे का रे?"

"आहे, बाबा. तुमचे गुडघे?"

"आहेत जागेवर."

हातमोजा त्याने खिडकीत ठेवला होता, बोलताना तो त्यावर हात ठेवायचा. पण फोनमधून हात दिसतो थोडाच?

बर्फ वितळायच्या आधी ल्योन्या घरी आला, झाकण बंद केलेल्या पेटीत. रायसाच्या घरात नव्या खुर्च्या होत्या, चाकांच्या. तिने येफिमचं दार ठोठावलं. "येफिमभाऊ, तुमच्या तिवया द्याल का?" एवढंच बोलली.

आम्ही दोघी इमारतीसमोरच्या बर्फात उभ्या राहिलो आणि ल्योन्याला धरलं. पेटी हलकी होती. धडधाकट पोराच्या मानाने फार हलकी. मला ते कळलं, आणि मी कोणाला सांगू शकले नाही. गणवेशातल्या एका माणसाने भाषण केलं. पराक्रम, देश, अभिमान. लोक बुटांकडे बघत उभे होते.

रायसा म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायचंय."

"परवानगी नाही, मावशी."

तेव्हा मागून येफिम बोलला. "आईला लेकाचं तोंड बघायला परवानगी कसली लागते?"

"आजोबा, तुम्ही शांत राहा."

"आयुष्यभर शांत राहिलो. माझ्या बापाने या तिवया केल्या. त्याच्या घरात शत्रू घुसला होता म्हणून तो लढला. हे पोर कोणाच्या घरात मेलं, ते सांगा. कशासाठी मेलं, ते या बाईला सांगा."

रायसा येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. पेटी उघडली नाहीच. ती उचलली गेली आणि आम्हाला उलटं केलं. संध्याकाळी येफिमने आम्हाला घरी आणून सरळ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक पोलीस घरी आला. चांगला लठ्ठ होता. बसला तो माझ्यावरच.

"मुलगा कुठे आहे तुमचा?"

"गेला."

"म्हणजे पळाला."

येफिम म्हणाला, "नाही. निघाला. निघण्यात आणि पळण्यात फरक असतो. मलाही उशिरा कळला."

पोलिसाने धमकावलं, कागदावर सही घेतली आणि तो गेला. पण हे लेकाला कसं सांगायचं? फोनवर हे बोललं तर उद्या रोद्याच्याच नावावर आणखी काही चिकटवतील, अशी येफिमला भीती. तो म्हणायचा, "रायसाबाई, पुढच्या वर्षी सीमेपलीकडे जाईन आणि समोर बसून सांगेन."

पुढचं वर्ष आलं, पण तोवर येफिम गेला. चहा ओतता ओतता ओट्याशी कोसळला. रायसाने त्याला न्हाऊ घातलं, चांगला सदरा चढवला, शेजाऱ्यांना बोलावलं. आम्ही दोघींनी त्याला धरलं. ज्याला मी कविता म्हणताना धरलं होतं, तोच हा.

रोदिओन येऊ शकत नव्हता. सीमेवर पाऊल ठेवलं की बेड्या. रायसाने फोन उंच धरला. त्यात मला एक खोली दिसली. उघडी भिंत, गादी, कपड्यांची दोरी. खुर्ची एकही नाही. रोदिओनच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

ग्लाशा म्हणाली, "बाबा, आजोबा निघालेत ना? मग बसायला हवं."

तिघं जमिनीवर बसले. गप्प. मग रोदिओन हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी बसला नव्हतात, बाबा. असू दे. आम्ही बसलोय."

मित्रांनो, त्या वेळी मला एक शब्द बोलता आला असता तर माझे तिन्ही पाय मी चुलीत घातले असते! बसला होता रे तुझा बाप. दाराच्या अलीकडे, माझ्यावर, तुझी पावलं ऐकत बसला होता. रायसाला हे ठाऊक नव्हतं. येफिमने तिला भांडण, टीव्ही, पोलीस सगळं सांगितलं होतं, एवढंच सांगितलं नव्हतं. त्याची त्याला लाज वाटत असावी.

रोदिओन उठला. घरातलं वडील माणूस आता तोच होता. "चला, देव बरोबर असो," तो म्हणाला.

पेटी उचलली. रायसाने आम्हा दोघींना उलटं केलं, घराला कुलूप लावलं आणि दफनभूमीकडे गेली. नंतर दारावर सरकारी मोहोर लागली. तिसरा दिवस कधीच होऊन गेला, पण आत यायला कोणी नाही. खिडकीत तो हातमोजा आहे. माझी बहीण माझ्याशेजारी आहे.

मला तुमच्याकडून कौतुक नको, रंगरंगोटी नको. एकच मागते. तुमच्या घरातून कोणी निघालं आणि त्याचं निघणं तुम्हाला पटलं नाही, तर खुशाल भांडा. पण भांडून झालं की त्याच्यासमोर येऊन बसा, दार लागायच्या आधी. आणि कधी किनेश्माला आलात, चौथ्या मजल्यावरचं ते दार उघडं दिसलं, तर आत या आणि आम्हाला सरळ करून ठेवा. रोद्या परत आला तर बसायला जागा हवी.