ग्लट म्हणजे पुष्कळ नव्हे

प्रतिभाची शाळेतली नोकरी पक्की व्हायची, तर तपासणीला येणाऱ्या भूपेंद्रसाहेबांसमोर तिचा एक तास नीट पार पडायला हवा होता. सातवीच्या इंग्रजीत नेमका 'ग्लट' आला. मुलं अर्थ सांगत, पुष्कळ. पुष्कळ असलं की माणूस खूश होतो, ग्लट झाला की डोक्याला हात लावतो, असं ती आठवडाभर सांगत राहिली. मुलांनी आठवडाभर माना डोलावल्या आणि पुन्हा 'पुष्कळ'च लिहिलं.

शेवटी तिनं युक्ती काढली. उद्या प्रत्येकानं घरून केळं आणायचं. टेबलावर मांडत जायचं, टेबल भरून एखादं खाली पडलं की म्हणायचं, हा ग्लट.

प्रतिभा मूळची भोपाळची. केळं डझनानं मोजतात, एवढंच तिला ठाऊक. पण केळीच्या मळ्यांनी वेढलेल्या या बऱ्हाणपुरात मॅडमनी केळं मागितल्यावर मळेवाल्यानं एकच पाठवलं, तर चार घरांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. घड जातो. आख्खा.

सकाळी ती वर्गाच्या दारातच थबकली. टेबल दिसत नव्हतं. फळ्याचा वरचा काठ तेवढा शिल्लक होता. बाकांवर, बाकांखाली, खिडक्यांत घडच घड, आणि त्यांतून गाळून आलेला हिरवा उजेड. लोधीपुऱ्याच्या सुकलालभाऊ मळेवाल्यांनी तर, मॅडम नवीन आहेत म्हणून, ट्रॅक्टर पाठवला होता. देवळात शिरावं तशी तिनं चप्पल काढली. का, ते तिलाही कळलं नाही.

भूपेंद्रसाहेब आले आणि तेही दारातच थबकले. खुर्ची काही सापडली नाही. नोकरी गेली, असं प्रतिभानं मनाशी धरलं.

साहेबांनी समोरच बसलेल्या कुसुमला ग्लटचा अर्थ विचारला.

कुसुम उभी राहिली. "सर, पप्पा बोलले, घड मॅडमला देऊन ये. वापस आणू नको."

"का गं?"

"घरात जागाच नाही ना. शेजारचे पण घेत नाहीत. त्यांच्याकडे पण हेच."

साहेबांची नजर छतापर्यंत जाऊन सावकाश खाली आली.

"हा शब्द मी जन्मभर वापरला," ते हलकेच म्हणाले. "पाहिला मात्र आज. मॅडम, काळजी करू नका. माझा शेरा चांगला जाईल."

प्रतिभाचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात तिनं विचारलं, साहेब जाताना दोन घड नेतील का.

साहेबांनी हात जोडले. त्यांची सासुरवाडी जवळच्याच शहापूरची होती, केळीच्या मळेवाल्यांची.